बंद पडण्याआधी

“बंद पडण्याआधी काय होतं?”

“मास्तर, पॉवर सप्लाय बदलला. रॅम बदलली. ग्राफिक्स कार्डाची पेस्ट खरवडून नवी लावली. पुढच्या बाजूला दोन पंखे जादा बसवले. विंडोज दोनदा नव्यानं टाकली, आणि…”

“तू काय केलंस ते नाही विचारलं. ते काय करतं, ते विचारलं.”

हेरंबनं समोरच्या कॉम्प्युटरकडं पाहिलं.

“बंद पडतं,” तो म्हणाला.

“ते नंतरचं झालं. आधी?”

“आधी…”

बाहेर मठाच्या औदुंबराखाली कुणीतरी झाडून काढत होतं, त्याचा आवाज ओवरीत येत होता.

“माहीत नाही,” हेरंब म्हणाला.

आता हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाले, म्हणजे तो किती दमला असेल ते बघा. हेरंब साठये हा इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागाचा प्रमुख. बिघडलेलं मशीन घेऊन कुणी आलं, की हा खुर्चीतून न उठता सांगणार, अमुक काढ, तमुक लाव. आणि ते चालायचंही. आपण चुकत नाही हे त्याला इतकं सवयीचं झालं होतं, की त्याचा गर्वसुद्धा वाटेनासा झाला होता. आणि घरचं मशीन, स्वतःच्या हातांनी एकेक भाग निवडून बांधलेलं, एकेक स्क्रू स्वतः पिळलेला, ते तीन आठवडे झाले दाद देत नव्हतं.

खेळ लावला, की वीस-पंचवीस मिनिटांत बंद. बाकी दिवसभर काहीही करा, बिचारं गाईसारखं गरीब.

हणमंत कोष्टी मास्तर त्याचे जुने गुरू. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा वर्ग घ्यायचे. हेरंब डिप्लोमा, डिग्री सगळं नंतर शिकला. हातात पहिली सोल्डरिंग गन मास्तरांनी दिली. आता ते निवृत्त होऊन पंचगंगेकाठच्या या दत्ताच्या मठात राहत होते. मठाचा अँप्लिफायर सांभाळायचा, आणि आसपासच्या चार गावांतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या बऱ्या करून द्यायच्या. ऐंशीला टेकले होते. बोलताना मध्येच थांबायचे, आणि ते विसरले म्हणून थांबले की मुद्दाम, ते समोरच्याला कळायचं नाही.

“मला या डब्यातलं ओ की ठो कळत नाही,” त्यांनी हेरंब गाडीतून मशीन उतरवत होता तेव्हाच सांगून टाकलं होतं.

“मग मी कशाला आलो?”

“ते तू सांग की.”

हेरंबला ते सांगता आलं नव्हतं. झोप नव्हती, जेवणावर वासना नव्हती. सकाळी उठून त्यानं मशीन, स्क्रीन, कीबोर्ड, सगळं डिकीत घातलं आणि गाडी इकडं वळली.

“झाकण उघडं ठेवून चालवून बघितलंस?” मास्तरांनी विचारलं.

“बघितलं. उघडं असलं की चालतं. तास तास चालतं. झाकण लावलं की पडतं. म्हणजे आत हवा कमी पडतेय, म्हणून पंखे वाढवले.”

“मग?”

“मग आणखी लवकर पडायला लागलं.”

मास्तर हसले नाहीत, पण हसण्याच्या बेतात आले. “आजार रेड्याला, औषध पखालीला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय नाही. कधीपासून?”

“दिवाळीनंतर. दसऱ्याच्या आधी बांधलं. दिवाळीपर्यंत अगदी नीट होतं.”

“खेळ कुणाबरोबर खेळतोस?”

हेरंबनं चष्मा काढला. काचा शर्टाला पुसल्या. त्या स्वच्छच होत्या.

“मुलीबरोबर. इरावती. नऊ वर्षांची आहे. आईकडे असते, नाशिकला.”

मास्तरांनी पुढं विचारलं नाही, म्हणून त्यालाच सांगावं लागलं.

दर रविवारी दुपारी चार ते पाच. खेळ म्हणजे मारामारीचा नव्हे. एक मोकळं रान असतं, त्यात आपण गाव वसवायचं. त्या दोघांनी नदीकाठी एक गाव बांधलं होतं. इरूची शाळा, इरूचा घाट, बाबाचा पूल. एक घर मांजरांसाठी, त्यात अकरा मांजरं. आणि ते गाव या मशीनमध्ये साठवलेलं. हे चालू असलं तरच तिला तिकडून गावात येता येतं. हे पडलं, की हेरंब तिच्या डोळ्यांसमोरून नाहीसा होतो, आणि पाठोपाठ तिचं गावही.

“तीन रविवार असं झालं,” हेरंब म्हणाला. “पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळी फोन केला तर घ्यायला आली नाही. आणि गेल्या रविवारी म्हणाली…”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबा, जायचं तर सांगून जात जा ना.”

झाडलोटीचा आवाज थांबला होता.

“मी सांगितलं, अगं, मी नाही गेलो, मशीन गेलं. तर म्हणाली, पुढच्या रविवारी परत तसं झालं तर मी माझं गाव वेगळं बांधीन. एकटीनं.”

“पुढचा रविवार म्हणजे?”

“आज.”

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सव्वातीन.

“कॉलेजात मशिनं नाहीत?” त्यांनी विचारलं. “ते गाव त्यातल्या एखाद्यात नेता येत नाही?”

“येतं.”

“मग नेलं का नाहीस?”

हेरंब कीबोर्डची वायर सरळ करायला लागला. काय सांगणार? हे मी बांधलंय, ते हरलं म्हणजे मी हरलो, असं तोंडानं म्हणता येतं होय? आतल्या आत मात्र त्याला ते लख्ख माहीत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. लाज वाटत असूनसुद्धा नेलं नव्हतं.

“उघड,” मास्तर म्हणाले.

हेरंबनं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. मास्तर गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, खाली वाकले. आत बघत राहिले. वायरी एकसारख्या बांधलेल्या, कुठं धुळीचा कण नाही. पोरगं पहिल्यापासून टापटिपीचं, हे त्यांना आठवत असावं.

“हे काय?”

डब्याच्या तळाशी, ग्राफिक्स कार्डाच्या खाली, आपट्याचं एक पान पडलं होतं. वाळून तपकिरी झालेलं, कडा वळलेल्या.

“इरू दसऱ्याला आली होती. मशीनची पूजा केली आम्ही. सगळ्यांना सोनं वाटलं, तर म्हणाली, यालाही सोनं द्यायचं. तिनंच आत ठेवलं.” हेरंबनं पान अलगद उचललं, कपाळाला लावलं आणि परत होतं तिथं ठेवलं. “कधीही उघडलं तरी मी हे आधी बाजूला काढतो, आणि काम झालं की परत ठेवतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी. तिचा हात लागलाय त्याला.”

“असू दे,” मास्तर म्हणाले. “झाकण लाव. सगळं जोड. तुझं ते रान आण समोर.”

पावणेचारला खेळ सुरू झाला. नेट मोबाइलवरून घेतलं होतं. स्क्रीनवर नदी आली, पूल आला, मांजरांचं घर आलं. कोपऱ्यात कार्ड किती तापलंय त्याचा आकडा हेरंबनं लावून ठेवला होता, तो चढत चढत अडुसष्टावर येऊन थांबला. हेरंबनं सवयीनं हेडफोन कानाला चढवला.

मास्तरांनी तो काढून चटईवर ठेवला.

“हे नेहमी घालतोस?”

“खेळताना घालावाच लागतो. तिचा आवाज नीट ऐकू येतो.”

“आणि याचा?” मास्तरांनी डब्याकडं बोट केलं.

“याचा कशाला…” हेरंब बोलता बोलता थांबला.

मास्तर उठले. कोपऱ्यातल्या माठातून पितळी फुलपात्र भरून आणलं. काठोकाठ. इतकं, की पाणी वर फुगल्यासारखं दिसत होतं. ते त्यांनी हेरंबच्या दोन्ही हातांत दिलं.

“तहान नाही मला, मास्तर.”

“प्यायला नाही दिलं. धर. सांडायचं नाही.”

“आणि खेळू कसा?”

“खेळू नको.”

“मग दुरुस्ती?”

“माझा बाप मागावर बसायचा,” मास्तर म्हणाले. “सूत तुटलं, की आधी दोन्ही हात मागं घ्यायचा. आम्ही पोरं धावायचो ओढायला. तो म्हणायचा, गुंता दिसला का? नाही ना? मग हात लावू नका. ओढलं की गाठ बसते.” थोडं थांबून म्हणाले, “तुझे हात लई हुशार आहेत, हेरंबा. डोळे आणि कान जरा मागं पडलेत.”

हेरंब फुलपात्र धरून बसला. वर्गात असताना हे असंच करायचे मास्तर, बंद रेडिओसमोर अर्धा अर्धा तास बसवायचे. तेव्हा त्याला राग यायचा. आज राग यायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

हात शिवशिवत होते. पाणी हलत होतं.

चार वाजले. चटईवरच्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. “बाबा? आलास?”

हेरंब घाईनं हेडफोनच्या माइकपाशी वाकला. पाणी थोडं सांडलं. “आलोय, बाळा. इथंच आहे.”

“मग हलत का नाहीयेस?”

त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर डोळे मिटून बसले होते.

“हातात पाणी आहे,” हेरंब म्हणाला.

“का?”

“…सांडायचं नाहीये.”

मग तिनं ते मान्य केलं. मोठ्यांपेक्षा पोरं अशा गोष्टी चटकन मान्य करतात. “बरं. मग तू पुलावरच उभा राहा. मी घाटाला पायऱ्या करते. तू नुसता बघ.”

तर हेरंब नुसता बघत राहिला. नदीवरून ढग गेले. इरूची छोटी आकृती दगड आणत होती, ठेवत होती, एक मांजर तिच्यामागं फिरत होतं. इतक्या रविवारांत तो तिच्याबरोबर बांधत होता, पण तिला बांधताना त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. ती दर पायरी लावल्यावर मागं वळून पुलाकडं बघायची. बाबा आहे का.

दोन वर्षांपूर्वी तो घर सोडून निघाला, तेव्हा इरू झोपली होती. उठवलं तर रडेल, म्हणून उठवलं नाही. शहाणपणा वाटला होता तो. मऊ पावलांनी, बूट हातात घेऊन, दार न वाजवता तो गेला होता. कुणी विचारलं तर अजूनही सांगायचा, मुलीला त्रास नको म्हणून. खरं म्हणजे ती ‘कुठं चाललास’ म्हणून विचारेल, याची त्याला भीती वाटली होती.

फर्रर्र.

मास्तरांनी डोळे उघडले.

आवाज थांबला. पाणी थरथरलं. मग पुन्हा, जरा लांब. फर्रर्र… फर्रर्र… आणि मग एक बारीक ‘टप्प’, आणि पंख्याचा सूर एकदम दबला.

हेरंबचं तोंड उघडं राहिलं.

“पान,” तो पुटपुटला. “मास्तर, पान. कार्डाचा पंखा खालून हवा ओढतो. काम वाढलं, की जोरात ओढतो. पान वर उचललं जातं आणि पंख्याच्या तोंडाला चिकटतं. हवा अडली, की कार्ड तापतं आणि मशीन बंद पडतं. बंद पडलं, की पंखा थांबतो, पान खाली. मी उघडतो तेव्हा ते आपलं तळाशी…”

“आणि दिवाळीपर्यंत?”

“ओलं होतं. जड होतं. वाळलं आणि उडायला लागलं. आणि मी पुढून पंखे वाढवले, तर त्यांनीच त्याला…” तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “तीन आठवडे, मास्तर. सगळं बदललं मी. उघडं चालायचं, कारण पान तेव्हा बाहेर असायचं. आणि दर वेळी हातानं उचलून, कपाळाला लावून, परत ठेवत होतो.”

आकडा एकोणऐंशीवर आला होता.

“किती वेळ आहे?” मास्तरांनी विचारलं.

“आता चढत जाईल. चार मिनिटं. मग पडेल.”

मास्तरांनी फुलपात्र त्याच्या हातांतून घेतलं आणि खाली ठेवलं. “घे. हात मोकळे झाले.”

आणि हात मोकळे होताच हेरंब साठयेनं काय केलं असेल? जे तो आयुष्यभर करत आला, तेच. मशीनच्या बटणाकडं झेपावला. बंद करायचं, झाकण काढायचं, पान ओढायचं, पुन्हा चालू. पाच मिनिटांचं काम. सापडलं होतं ना एकदाचं.

त्याचं बोट बटणाला लागायच्या आत मास्तरांचा हात तिथं होता. म्हातारा, सुरकुतलेला, सोल्डरच्या डागांचा हात, बटणावर पालथा.

“मास्तर, वेळ नाहीये, मला ते…”

मास्तरांनी मान वळवून स्क्रीनकडं पाहिलं.

घाटाची सातवी पायरी लागली होती. छोटी आकृती मागं वळून पुलाकडं बघत होती.

हेरंबचा हात हवेतच राहिला.

मशीन तर अजून चालू होतं. चांगली चार मिनिटं चालणार होतं. या खेपेला मशीन तिला सोडून जात नव्हतं. कोण जात होतं, ते त्याला दिसलं. तो परत चटईवर बसला.

आकडा चौऱ्याऐंशी.

त्यानं हेडफोन उचलला. कानाला लावला नाही, दोन्ही हातांत धरला, मघाशी फुलपात्र धरलं होतं तसा.

“इरू.”

“काय?”

“मशीन बंद करावं लागणार आहे. तीनेक मिनिटं आहेत अजून. म्हणून आधी सांगतोय.” त्याचा आवाज कापत होता आणि ते त्यानं लपवलं नाही. “मी जातो. म्हणजे थोडा वेळ…”

“जातो नाही म्हणायचं, बाबा.”

“हं?”

“जातो म्हणत नसतात. येतो म्हणायचं. आजी म्हणते, जातो म्हटलं की माणूस परत येत नाही.”

मास्तर दुसरीकडं बघत होते.

“येतो,” हेरंब म्हणाला.

“किती वेळात?”

“दहा मिनिटांत.”

“मग मी आठवी पायरी तू आल्यावर लावते,” इरू म्हणाली. “बंद कर आता. मी बघते.”

त्यानं गाव नीट साठवलं, खेळातून बाहेर आला आणि मशीन बंद केलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा ते त्यानं स्वतः बंद केलं. पंख्यांचा आवाज हळूहळू उतरत गेला, आणि सगळ्यात शेवटी आत काहीतरी हलकंसं तळाला पडल्याचं ऐकू आलं.

झाकण काढलं. पान उचललं. त्याची एक कड पंख्यानं झिजून गेली होती. या वेळी त्यानं ते कपाळाला लावलं नाही. नुसतं हातात घेऊन बसला. थकवा गेला नव्हता. पण तो आता त्याला जाणवत होता, आणि त्यानं जरा बरंही वाटत होतं.

मग त्यानं पान चटईवर ठेवलं, झाकण लावलं, स्क्रू पिळले. बटण दाबलं. स्क्रीनवर पुन्हा नदी उजाडायला लागली. सात पायऱ्या, आणि त्यांच्याशेजारी आठवीचा दगड तयार ठेवलेला.

“मास्तर,” तो म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी त्याच्या आवाजात जुना हेरंब थोडासा डोकावला, “आता नाही बंद पडणार हे. कितीही वेळ बसू दे. आपणहून कधीच नाही.”

मास्तरांनी चटईवरचं पान उचललं. फुंकर मारून पाहिली. फर्रर्र वाजलं. मग वाकून त्यांनी ते हेरंबच्या शर्टाच्या खिशात घातलं, आणि खिशावर एकदा थोपटलं.

“वाईट झालं,” ते म्हणाले. “आता मशीनचं निमित्त उरलं नाही. निघायची वेळ तुझी तुलाच ऐकायला लागणार, आणि तिला सांगायलाही.”